कूलर आणण्याआधी एक गुणाकार करा

मार्च लागला की शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, उजेड, कुठंही जा, घराघरांत एकच बोलणं. यंदा कूलर घ्यायचा का? लातूरहून आणायचा की निलंग्याहून? रोख की हप्त्यावर?

दुकानदार किंमत सांगतो, हप्ता सांगतो, वॉरंटी सांगतो. लाईट बिल किती वाढेल ते मात्र सांगत नाही. विचारलंत तर हसून म्हणतो, "काही नाही हो, पंख्याएवढंच."

पंख्याएवढं नसतं. महिना-दीड महिन्याने बिल हातात पडतं आणि घरात कुरकुर सुरू होते. कुणी पोरांच्या मोबाईलवर घसरतं, कुणी सुनेच्या मिक्सरवर. खरा खाणारा कोपऱ्यात गुपचूप फिरत असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. विजेची कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिचा महिन्याचा खर्च तुम्ही स्वतः काढा. त्याला इंजिनिअर लागत नाही. शाळेत जाणारी नात काढून देईल.

आधी वस्तूची पट्टी बघा. मागे किंवा खाली चिकटवलेली असते. तिच्यावर वॅटचा आकडा असतो. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतं. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट.

तेव्हा वॅटला रोजच्या तासांनी गुणा आणि हजाराने भागा. रोजचे युनिट आले. त्यांना तीसने गुणा, महिन्याचे आले. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

पुढे दर येतो आणि तिथंच गफलत होते.

मागचं एखादं बिल काढा. त्यावर युनिटांचे टप्पे छापलेले असतात. घरगुती वापराला पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५०० आणि त्याच्या पुढे आणखी महाग. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात. बिलात नुसता वीज आकार नसतो. वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं आणि वर १६ टक्के वीज शुल्क. गेल्या दोन-तीन वर्षांचं सगळं धरून पाहिलं तर पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे साधारण ७ रुपये पडतात. पुढच्या २०० युनिटांना १३ रुपयांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय स्थिर आकार म्हणून महिन्याला सव्वाशे-एकशेतीस रुपये असतातच, घराला कुलूप असलं तरी.

मी पुढे हेच ७ आणि १३ धरून बोलतो. तुम्ही तुमच्या बिलावरचे ताजे आकडे धरा.

आपल्याकडच्या एका साध्या घराचा हिशेब मांडू. दोन पंखे रोज बारा-बारा तास. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅटच्या घरात असतो. दोघांचे मिळून महिन्याला ५४ युनिट झाले. चार एलईडी दिवे संध्याकाळचे पाच तास लागले तर पाच-साडेपाच युनिट. टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स पाच तास, नऊ युनिट. एका दाराचा लहान फ्रिज सोळा-सतरा. बोअरची एक अश्वशक्तीची मोटार रोज अर्धा तास, पंधरा.

बेरीज करा. शंभर होते.

म्हणजे ज्या घरात फार काही नाही असं आपण म्हणतो, त्या घरात स्वस्त टप्पा संपून गेलेला असतो. आता ह्या घरात कूलर आला. २०० वॅटचा धरा आणि रात्रीचे दहा तास. रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ.

ह्या साठाला ७ ने गुणायचं नाही. स्वस्तातले शंभर तर आधीच वाटून झालेत. साठाला १३ ने गुणा. ७८० रुपये होतात. ७ ने गुणलं असतं तर ४२० आले असते, आणि तुम्ही तेवढ्याच तयारीत राहिला असता.

घरात जी वस्तू शेवटी येते, ती सगळ्यांत महाग टप्प्याची वीज खाते. हे एक ध्यानात ठेवलंत तरी खूप झालं. दुकानातून येणारा हप्ता हजाराचा असेल तर तुमचा खरा हप्ता अठराशेचा आहे. आणि दुकानाचा हप्ता कधीतरी संपतो.

आता दुसरा एक गैरसमज. पुष्कळ जण म्हणतात, "शंभराच्या वर एक युनिट गेलं की अख्खं बिल महाग होतं." तसं नाही. १०१ युनिट झाले तर १०० स्वस्त दरानेच लागतात, वरचा एकच महाग लागतो. तेव्हा ९९ ला मीटर थांबवण्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करू नका. सहा-सात रुपयांसाठी घरातल्या वडीलधाऱ्याची झोप घालवण्यात काय अर्थ आहे?

उलट बाजूनेही हेच खरं. दीडशे युनिट वापरणाऱ्या घराने वीस युनिट वाचवले तर त्याचे महाग वीस युनिट वाचतात. २६० रुपये हातात राहतात.

मग वाचवायचं कुठं?

घरात वीज खाणारी कामं तीनच. पाणी तापवणं, हवा गार करणं, पाणी उपसणं. फ्रिज सोडला तर बाकीचं किरकोळ. मोबाईल रोज चार्ज केला तरी महिन्याला एक युनिट पुरतं होत नाही. मिक्सर ७५० वॅटचा असतो, आकडा मोठा दिसतो, पण चालतो किती? रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याला पावणेचार युनिट. त्याच्यावरून सुनेला बोलणं शोभत नाही.

पाणी तापवण्यापासून सुरू करू. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं. बंब गेले, अंगणातल्या चुली गेल्या, रॉड आले, गीझर आले. वीस लिटरची बादली थंडगार पाण्यापासून अंघोळीच्या कढतपणापर्यंत आणायला साधारण अर्ध्याहून थोडं जास्त युनिट लागतं. सहा दशांश धरा.

रॉड १,००० वॅटचा असो की १,५०० चा, ह्यात फरक पडत नाही. मोठा रॉड लवकर तापवतो, छोटा उशिरा. पाणी तेवढंच, वीज तेवढीच. "छोटा रॉड वीज कमी खातो" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

घरात पाच माणसं असतील तर रोजच्या पाच बादल्या म्हणजे तीन युनिट. महिन्याचे नव्वद. कूलरच्या दीडपट! फक्त थंडीत पंखे बंद असतात, म्हणून त्यातले काही युनिट स्वस्त टप्प्यात मावतात. वरच्याच घराचा हिशेब करा. पंखे वजा जाऊन ४६ युनिट, त्यात हे ९०. एकूण १३६. नुसत्या गरम पाण्याचे महिन्याला साडेआठशेच्या आसपास पडले.

इथं बचत सोपी आहे. बादली पाऊण भरा. अंघोळी एकामागून एक आटपा, नाहीतर तापलेलं पाणी निवतं आणि परत तापवावं लागतं. गीझरचं बटण आदल्या रात्रीपासून चालू ठेवू नका, सकाळी पंधरा मिनिटं आधी लावा. अंगणात अजून बंब असेल आणि तुरीच्या तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या घरच्याच असतील, तर लाजायचं काय कारण? चांगल्या बंबाचं पाणी कुठल्याही गीझरला हार जात नाही.

आणि एक काळजीचं. रॉड लावलेल्या बादलीत बोट घालून पाणी तापलं का ते बघू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात. जानेवारीत उजेडला गांधीबाबांची यात्रा भरते, आपले आठवडी बाजार असतात. तिथून हौसेने काहीही घ्या. पण रॉड रस्त्यावरचा, विनाशिक्क्याचा घेऊ नका. शे-दीडशे वाचतात आणि जिवावर बेततं. आयएसआय शिक्का बघूनच घ्या.

आता पाणी उपसणं. हे आपल्या मराठवाड्याचं खास दुखणं. शहरातल्या माणसाला बिलात पाणी दिसत नाही, आपल्याला दिसतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. त्याच्या आधी आणि नंतर आपण बोअर खोल खोल घेत गेलो. प्रत्येक फूट वीज मागतो.

एक ढोबळ माप सांगतो. एक अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटार तासाला एक युनिटाच्या आसपास घेते. तीनशे फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला साधारण तेवढंच लागतं. म्हणजे हजार लिटरची टाकी एकदा भरली की एक युनिट गेलं. टाकी भरून वाहिली तर नुसतं पाणी वाहत नाही.

एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते. पावसाळ्यात अर्ध्या तासात भरणाऱ्या टाकीला तास-दीड तास लागतो. मोटार तीच, घरातली माणसं तीच, टाकी तीच, पण मोटारीचे युनिट दुप्पट-तिप्पट. उन्हाळ्यात बिल फुगलं की सगळा दोष कूलरला देऊ नका, निम्मा गुन्हेगार जमिनीखाली असतो. कागदावर वेळ टिपा. टाकी भरायला किती मिनिटं लागली, आठवड्यातून एकदा. वेळ वाढत चालली की पातळी उतरतेय हे तुम्हाला बोअर कोरडा पडायच्या आधी कळेल. कोरडी मोटार जळते आणि रिवायंडिंगचा खर्च पुष्कळ महिन्यांची बिलं गिळतो.

टाकीला फ्लोट लावा किंवा वाहून जाणाऱ्या पाण्याचा पाइप अंगणात दिसेल असा सोडा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, पाणी दिसलं की हाक मारा.

एक गोष्ट जरा कडक सांगतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत सरकार भरतं. ती वीज शेताची. तिथून वायर ओढून घर चालवू नका. तारेवर आकडाही टाकू नका. पकडलं गेल्यावरचा दंड राहू द्या. पावसाळ्यात असल्या वायरीने गुरं मरतात, माणसंही मरतात.

आता कूलर. घ्यायचाच असेल तर घ्या. बेचाळीस अंशांत लेकराबाळांना तळमळत ठेवण्यात शहाणपण नाही. पण त्याआधी छताकडे एकदा बघा.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे दगड-मातीची माळवदाची घरं मागे पडली. ते बरंच झालं, त्या भिंतींनी माणसं गिळली. पण माळवद गार असायचं. त्याच्या जागी स्लॅब आले, पत्रे आले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा वाजता आपल्या अंगावर सोडतो. म्हणून रात्रभर पंखा, मग पंख्याला कूलरची जोड.

स्लॅबला फेब्रुवारीअखेर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पत्र्यावर तुऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट अंथरा, फक्त चुलीपासून आणि वायरींपासून लांब. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या वापरलेलं पाणी मारा. कूलर दहाऐवजी सात तास पुरला तरी महिन्याला अठरा युनिट वाचतात. महाग टप्प्यातले. सव्वादोनशे रुपये झाले.

कूलर घेताना पट्टीवरचे वॅट वाचा. पत्र्याच्या स्थानिक कूलरला बहुतेक वेळा पट्टीच नसते. मग मोटार कुठली बसवलीय ते विचारा, पंपाचे वॅट वेगळे धरा. दुकानात लावून दाखवतात तेव्हा हात समोर धरून वारा बघता ना, तसा मागे जाऊन मोटारीवरचा कागदही बघा.

आपलं बोअरचं पाणी जड. महिन्याभरात गवताच्या जाळीवर पांढरे क्षार बसतात. मग वारा आत येत नाही, गारवा होत नाही, आपण बटण फुल्लवर नेतो. जाळ्या वेळेवर धुवा, दर उन्हाळ्यात बदला. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा करतो.

पाणी भरताना कूलरची पिन काढा. दर वेळी. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या. उन्हाळ्यात ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचत असतो. ती बातमी आपल्या घरची होऊ नये.

एसीचा विचार असेल तर आणखी सांभाळून. दीड टनाचा साधा एसी आठ तास चालला तर रोजचे आठ युनिट सहज जातात. महिन्याचे २४०. आपल्या शंभराच्या घरात हे वर आले की दोनशे युनिट १३ ने आणि उरलेले चाळीस तिसऱ्या टप्प्यात, सतरा-अठरा रुपयांनी. तेहेतीसशे रुपये महिना. इन्व्हर्टरचा, पाच ताऱ्यांचा घेतलात तर बराच कमी, तरी हजारांतच. लग्नात आला म्हणून एसी फुकटचा होत नाही.

फ्रिजच्या बाबतीत मात्र माझा गुणाकार चालत नाही. फ्रिज चोवीस तास लावलेला असतो, पण त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. त्याच्या दारावरचा ताऱ्यांचा कागद बघा. त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. त्याला बाराने भागा, झालं. नवीन फ्रिज घेतला की तो कागद फाडून टाकायची घाई करू नका, आधी आकडा वहीत उतरवा. आणि जुना फ्रिज "असू द्या, पाण्याच्या बाटल्यांना" म्हणून मागच्या खोलीत चालू ठेवत असाल, तर त्या बाटल्यांचं पाणी तुम्हाला दुधाच्या भावात पडतंय. माठ ठेवा.

पंख्यांकडे लोक बघत नाहीत. तास बघा ना! बारा तास, चौदा तास, तेही दहा महिने. बीएलडीसी नावाचे पंखे आता सगळीकडे मिळतात. ते ३० वॅटच्या आसपास घेतात. ७५ च्या जागी ३० म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट कमी. महाग टप्प्यात असाल तर दोनशे रुपये. असा पंखा हजार-दीड हजाराने महाग पडतो, तो जास्तीचा पैसा एका वर्षाच्या आत फिटतो. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यांत जास्त फिरतो, तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब अजून गोठ्यात, देवघरात, न्हाणीत असेल तर काढा. पाच तासांना तो महिन्याला नऊ युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी दीडही नाही. हे काम आजच होण्यासारखं आहे.

मीटरशी ओळख करून घ्या. त्याच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात. तारीख येते, वेळ येते, आणखी काय काय येतं. ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच अशी इंग्रजी अक्षरं दिसतील, तो आपला. कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब मांडतो तसा हा आकडा दर रविवारी मांडा. चार रविवार झाले की बिल येण्याआधी बिल कळतं.

कूलर खरंच किती खातो ते बघायचंय? मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवरच "३२००" असा काहीतरी आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त कूलर लावा. घड्याळ धरून एक मिनिट लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरला जेवढे मोजाल त्याला १९ ने गुणा. अकरा वेळा लुकलुकला तर २०९, म्हणजे कूलर दोनशे वॅटचा. एकोणीस-वीस मोजले तर पावणेचारशेचा, मग दुकानदाराला फोन लावायला हरकत नाही. १६०० चा मीटर असेल तर १९ च्या जागी ३७ किंवा ३८ ने गुणा. हे काम पोरांना द्या, सुट्टीत त्यांना मजा येते.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर घरात कुठंतरी वीज गळतेय किंवा कुणाची वायर तुमच्यावर आहे. वायरमनला दाखवा. थांबू नका.

ज्यांची लेकरं लातूरला शिकायला आहेत त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठी आपल्या तालुक्यातून कितीतरी मुलं-मुली तिथं खोली करून राहतात. खोलीचं भाडं आपण घासाघीस करून ठरवतो, विजेचं विचारत नाही. विचारा. युनिटमागे किती घेणार? वेगळा मीटर आहे का? सामान टाकल्याच्या दिवशीच मीटरचा फोटो काढून ठेवायला लेकराला सांगा. चौघांत एक रॉड असेल तर कोण किती बादल्या तापवतो हे आधीच बोलून घ्या. नाहीतर परीक्षेच्या तोंडावर भांडणं होतात. रात्री जागणाऱ्याच्या दिव्याचा हिशेब काढत बसू नका, नऊ वॅटचा तो दिवा रात्रभर जळला तरी रुपयाच्या आत-बाहेर.

छतावर सोलर बसवावा का, असं मला विचारतात. महिन्याला दीड-दोनशे युनिट वापरत असाल तर जरूर विचार करा. आपल्याकडे ऊन भरपूर. एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला चारेक युनिट देते, महिन्याला शंभर-सव्वाशे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण साठ-सत्तर युनिटवाल्या घराने कर्ज काढून घाई करू नये. तुमचे सगळे युनिट स्वस्त टप्प्यातले आहेत, वाचून वाचणार किती? आणि बॅटरी नसलेला सोलर लाईट गेली की तोही थांबतो. हे विकणारा आधी सांगेलच असं नाही.

वेळेनुसार दर लावणारे नवे टीओडी मीटर आता बसतायत. ज्यांच्या घरी तो बसलाय, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ह्या वेळेतल्या वापरावर युनिटमागे थोडी सवलत आहे. मग पाण्याची मोटार पहाटेऐवजी साडेनऊला लावा. कपड्यांचं मशीन, इस्त्री, घरची पिठाची चक्की, सगळं दुपारी उरका.

एवढं करूनही बिल तुमच्या कॅलेंडरवरच्या आकड्यापेक्षा फारच जास्त आलं तर घाबरू नका आणि चिडूही नका. बिलावर चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग बघा. मीटरचा फोटो असतो, तो आकडा ताडून पाहा. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. कधी रीडिंग मिळालेलं नसतं आणि सरासरीने बिल लागलेलं असतं. घराला कुलूप असेल, मीटर दाराच्या आत असेल, तर असं होतं. पुढच्या वेळी रीडिंगच्या सुमारास घरी कुणीतरी राहील असं बघा.

तरी ताळमेळ बसला नाही तर १९१२ ह्या फुकट क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर वहीत लिहा. किंवा महावितरणच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. सोबत कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स आणि मीटरचा फोटो जोडा. तोंडी सांगून येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट.